रविवारची पाळी, टॉवेलचं वजन आणि सेमिनरीचा फॉर्म

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांचा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार २१ हजार. बायको घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, तिचे महिन्याला सहा हजार येतात. दोन मुलं, आणि गिरणी बंद पडल्यापासून घरीच असलेले वडील. घरखर्च ओढूनताणून २२ हजारांत बसतो. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाहेरगावचे उपदेशक आले होते. ते म्हणाले, देवाचं काम तेवढं टिकेल, बाकी सगळं लाकूड-गवतासारखं अग्नीत जळून जाईल. तेव्हापासून कारखान्यात जीव लागत नाही. मालक ४५० जीएसएमचं (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) लेबल लावून हलका माल पाठवायला सांगतात, महिन्यातून दोन रविवार पाळी लावतात. वाटतं, नोकरी सोडून पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला, जावं. फॉर्म आणून ठेवलाय. बायको म्हणते, "मग माझी मशीनपण विकायची का?" वडील काहीच बोलत नाहीत. काय करू?
— एक सुपरवायझर, सोलापूर

प्रिय बंधू,

फॉर्म एवढ्यात भरू नका. फाडूही नका. आधी त्या लाकूड-गवताचं बघू, कारण तुमची घालमेल तिथून सुरू झाली आहे.

ते वचन बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या करिंथ पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. १२ व्या वचनापासून न वाचता पाचव्यापासून वाचा. करिंथच्या मंडळीत कुणी स्वतःला पौलाचा म्हणवत होतं, कुणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा, आणि त्यावरून तट पडले होते. पौल त्यांना सांगतो की पाया ख्रिस्त आहे. त्यावर कोण काय बांधतो ते शेवटी अग्नीतून पारखलं जाईल. हे बांधणारे म्हणजे मंडळीत शिकवणारे, उपदेश करणारे. माग, दुकान, शेती यांचा तिथे विषयच नाही. म्हणजे त्या वचनातली ताकीद कुणाला असेल, तर ती व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला आहे. तुमच्या पाहुण्या उपदेशकांनी ती समोर बसलेल्यांच्या माथी मारली. असं बरेचदा होतं.

आता कामाबद्दल शास्त्र काय म्हणतं ते. उत्पत्ती २:१५ मध्ये देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो मशागत आणि राखण करायला. पाप, शाप, घाम हे सगळं तिसऱ्या अध्यायात येतं. म्हणजे काम शापाच्या आधीचं; शापाने त्यात काटेकुसळं आणि घाम आला. म्हणून काम चांगलंही असतं आणि रोज कुठेतरी बोचतंही, आणि ते बोचतं म्हणजे आपण चुकीच्या जागी आहोत असा अर्थ निघत नाही. सेमिनरीतही ते बोचेल. तिथे परीक्षा असतात, वशिले असतात, आणि मंडळीच्या ट्रस्टचे कोर्टातले वादही पुढे वाट्याला येतात.

तुम्ही कापडाच्या गावचे, म्हणून निर्गमाचा ३५ वा अध्याय जरूर वाचा. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभारायचा असतो तेव्हा देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, तो कशासाठी? सोनं-रुपं-पितळेचं काम, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम यांसाठी. त्याच्या जोडीला अहलियाब. आणि ३५ व्या वचनात कामांची यादी आहे, तीत कशिदा काढणारा आणि विणकर नाव घेऊन आलेत. विणकराच्या हातातलं कसब हे देवाचं दान आहे असं इतक्या स्पष्टपणे सांगितलेलं असताना, टॉवेलच्या कारखान्यात देव येत नाही असं तुम्हाला कोण सांगतं?

नव्या करारात तर सुतारकाम करणारा खुद्द येशूच आहे (मार्क ६:३). लूक सांगतो की सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग नासरेथमध्ये गेला. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि हातांनी कमावून खाल्लं, कुणावर भार घातला नाही, हे तो थेस्सलनीकाकरांना अभिमानाने लिहितो.

तुम्ही म्हणाल, पेत्राने मासे धरायची जाळी सोडून दिली, मत्तय जकातनाक्यावरून उठला. खरं आहे. पण मार्क ५ मधला गरसेकरांच्या प्रांतातला माणूस आठवा. भुतांपासून सुटल्यावर तो येशूबरोबर येऊ द्या म्हणून विनवतो, आणि येशू त्याला घरी, त्याच्या माणसांत परत पाठवतो. जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट परत करायला तयार होतो; नोकरी सोड असं त्याला कुणी म्हटल्याची नोंद नाही. काहींना बोलावून नेलं, काहींना घरी धाडलं. तुम्ही यांपैकी कोण हे एका सभेतल्या हुरहुरीवरून ठरत नाही.

मंडळीच्या इतिहासात हा घोळ जुनाच आहे. मध्ययुगात देवाचं पाचारण म्हणजे मठ किंवा याजकपद, बाकीचे पोटार्थी, असा समज पक्का झाला होता. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत तो मोडून काढला : चांभार, लोहार, शेतकरी प्रत्येकाचं काम वेगळं, पण बाप्तिस्मा झालेले सगळेच याजक, आणि प्रत्येकाने आपल्या कामातून दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं. कॅथलिक बाजूनेही १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगाराच्या न्याय्य वेतनावर परिपत्रक काढलं, आणि १९८१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे असं लिहिलं. इतकं लांब कशाला, पुण्याची गाडी केडगाववरून जाते. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेच्या जोडीला माग होते, छापखाना होता, आणि ते सगळं बायका चालवत होत्या.

पण इथे एक खड्डा आहे, आणि त्यात भले भले पडतात. 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा' हे कलस्सै ३:२३ चं म्हणणं मालकांना फार आवडतं. ते भिंतीवर लावतात. त्यांना कुणीतरी ४:१ ही वाचून दाखवायला हवं : धन्यांनो, जे न्याय्य आणि रास्त ते दासांना द्या, तुमच्यावरही धनी आहे. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक २४:१५ मध्ये सांगतं की गरिबाची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. काम पवित्र म्हणून मालक सांगेल ते पवित्र, असं होत नाही. तुमच्या वजनाच्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

तुमच्या भाषेत बोलू. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमला तो ५०६ ग्रॅम भरायला हवा. ४०० ला ४५० ग्रॅम भरतो. फरक नगामागे ५६ ग्रॅम, हजार नगांना ५६ किलो सूत. हे सूत कुठून वाचतं ते तुम्हाला सांगायला नको : लूपची, म्हणजे टॉवेलवरच्या सुताच्या फाशांची, उंची थोडी उतरवायची, वरून सॉफ्टनर जास्त मारायचा, म्हणजे दुकानात हाताला माल फुगीर लागतो. सॉफ्टनरने पाणी शोषणं कमी होतं, आणि काही धुण्यांत तो उतरला की गिऱ्हाईकाला खरा टॉवेल दिसतो. लेवीय १९:३५-३६ वजन-मापाबद्दल बोलतं ते ह्याबद्दलच बोलतं.

करायचं काय? प्रत्येक मागावरचे दहा-दहा नग काढा, फिनिशिंगनंतर कोरडे झाल्यावर वजन करा, सरासरी वहीत तारखेसह लिहा. दोन आठवडे. खरेदीदार थोडी घट-वाढ चालवून घेतो; पाच टक्के धरली तर ४८१ ग्रॅमपर्यंत माल बसतो. ४५० ग्रॅम म्हणजे अकरा टक्के कमी, ती घट-वाढ नव्हे. मग वही घेऊन मालकांकडे एकटे जा. चारचौघांत नको, अपमान वाटला की माणूस हट्टाला पेटतो. चोरी हा शब्द काढू नका. म्हणा, "हाच माल ४०० च्या लेबलवर, त्या भावाने विकू या, नाहीतर एक लॉट परत आला तरी वाचवलेल्या सुताचे पैसे त्यात जातील." पुष्कळ मालक इथे ऐकतात, कारण परत आलेला माल त्यांनाही परवडत नाही. नाही ऐकलं, तर तपासणीच्या कागदावर खरं वजन लिहा आणि खोट्या आकड्याखाली सही करू नका. आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे चौकशी सुरू करा. राजीनामा हातात दुसरं काम आल्यावर. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका (लूक ३:१३). जकात वसूल करणं सोडा, असं तो म्हणाला नाही. तुमच्या कारखान्यातलं तुमचं देवाचं काम आत्ता तरी हेच दिसतं, आणि ते उपदेशापेक्षा अवघड आहे.

रविवारचं बोलताना तुमची बाजू थोडी तपासून घ्या. पाळ्यांची यादी तुम्हीच करता ना? मग शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा पूर्ण वाचा, अनुवाद ५:१४-१५. तिथे तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावातला परका, सगळ्यांना विसावा आहे, आणि कारणही दिलंय : तूही मिसर देशात दास होतास. तुम्ही उपासनेला बसायचं आणि तुमच्या जागी कुणीतरी सलग चौदा दिवस मागावर उभं राहायचं, ही शब्बाथ पाळण्याची रीत नाही. यादीतल्या प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी मिळते का, आणि ४८ तासांपुढच्या कामाचे दुप्पट दराने पैसे मिळतात का, हे आधी बघा. कायदाही तेच सांगतो.

मग अदलाबदल करा. तुमच्या खात्यात पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली, माणसं असतील. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवशी त्यांना सुट्टी हवी असते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत निम्मं सोलापूर सिद्धेश्वराकडे असतं. मुसलमान कारागिरांना शुक्रवारी दुपारचे दोन तास आणि ईद हवी असते. हे दिवस तुम्ही सांभाळा, बदल्यात त्यांच्याकडून रविवारची सकाळ मागा. तीन महिन्यांचा तक्ता करून मालकांपुढे ठेवा. माग बंद राहत नाहीत म्हटल्यावर त्यांचं काही जात नाही. मंडळीत प्रभुभोजनाचा रविवार कोणता हे पाळकांना विचारून तो आधी पक्का करा. राहिलेल्या रविवारी पाळी आलीच तर संध्याकाळच्या उपासनेला जा आणि मन खात बसू नका.

तुमचे वडील. तुम्ही त्यांना एका ओळीत उरकलंत, पण तुमच्या घरात सगळ्यात जास्त लागलेला माणूस तो आहे असं मला वाटतं. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, हे दुसऱ्या थेस्सलनीका पत्रातलं वाक्य (३:१०) आपल्या मंडळ्यांत फार सैल हाताने फेकलं जातं. ते इच्छा नसणाऱ्याबद्दल आहे. ज्याची गिरणीच बंद पडली त्याच्याबद्दल नाही. मत्तय २० मध्ये दिवस कलताना चौकात उभे असलेले मजूर सांगतात की आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही, आणि मळ्याचा धनी त्यांना पूर्ण दिवसाचा दीनार देतो. शिवाय देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात केलं ते उत्पत्ती १:२७ मध्ये. काम सोपवलं त्याच्या पुढच्या वचनात. क्रम असा आहे. काम गेलं म्हणून माणसाची किंमत जात नाही, आणि इफिस २:८-९ प्रमाणे कामाने तारणही विकत मिळत नाही, ना मागावरच्या, ना व्यासपीठावरच्या. वडिलांना वजनाची ती वही दाखवा आणि सल्ला विचारा. गिरणीत उमर घालवलेल्या माणसाला सुताचं कळतं.

आता फॉर्म. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय, तो करू. पदवीधराला बी.डी.ला, म्हणजे सेमिनरीतल्या धर्मशास्त्राच्या पदवीला, साधारण चार वर्षं धरा. घरखर्च २२ हजार, पत्नीचे सहा हजार, तूट महिना १६ हजार. ४८ महिन्यांचे सात लाख ६८ हजार, आणि यात तुमची फी, पुस्तकं, प्रवास, आजारपण नाही. हे पैसे कुठून येणार याचं उत्तर 'देव पुरवील' असं असेल, तर पहिल्या तीमथ्याचं ५:८ वाचून मग बोला. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने फार कडक लिहिलंय.

त्याऐवजी एक वर्ष असं घालवा. संडेस्कूलचा एक वर्ग किंवा दवाखान्यातल्या भेटी, एकच काय ते घ्या आणि नेमाने करा. पाळकांना सांगून तीन-चार महिन्यांतून एकदा वचन सांगायची संधी मागा आणि नंतर मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना स्पष्ट मत विचारा. घरबसल्या करायचे धर्मशिक्षणाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम असतात, त्यातला एक पूर्ण करा. वर्षानंतर मंडळी स्वतःहून म्हणाली की तुम्ही जा, खर्चाचा ठरावीक वाटा आम्ही उचलतो, आणि पत्नीचंही मन झालं, तर फॉर्म भरा. मंडळीने हूं की चूं केलं नाही, तर तेही उत्तरच समजा. आणि कारखान्याचा कंटाळा हेच मुख्य कारण असेल तर ते वजनाचं प्रकरण मिटल्यावर निम्मं उतरेल. तोवर निर्णय घेऊच नका.

राहता राहिली मशीन. ती विकायची नाही. यापो गावात टबीथा नावाची बाई वारली तेव्हा विधवा रडत पेत्रापुढे आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). पत्नीचे सहा हजार हे आजही तुमच्या घराच्या मिळकतीच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्तच आहेत, आणि तुम्ही सेमिनरीत गेलात तर घर त्याच मशीनवर चालायचं आहे. पाळकांशी बोलायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या, आणि आधी तिला बोलू द्या.