पानगळीच्या दिवसांत डोंगराळ रस्त्यावरची सायकलची ग्रुप राईड आहे, ८० किमी आणि १२०० मीटर चढ. सपाटीवर ग्रुपबरोबर राहतो पण चढावर मागे पडायची भीती वाटते, जावं का?

जा. नक्की जा. सपाटीवर ग्रुपबरोबर टिकता म्हणजे ८० किमीचा दमसास तुमच्यात आहे, आता फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करा: चढ लागला की ग्रुपला जाऊ द्यायचं. मी अशा राईडला बऱ्याचदा सगळ्यात शेवटी असतो, म्हणजे स्वीप म्हणून, कोण कुठे आणि कशामुळे थांबतंय ते मागून नीट दिसतं, आणि खरं सांगतो, मोडतात ते हळू चालवणारे नाहीत, पहिल्या चढावर पुढच्याचं चाक सोडवत नाही ते मोडतात. चांगली तयारीची माणसं असतात हो, सपाटीवर पुढे राहून सगळ्यांना ओढणारी, आणि तिसऱ्या चढाला पायात गोळे येऊन रस्त्याच्या कडेला बसलेली असतात.

कारण साधं आहे. सपाटीवर ताशी ३० किमीने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा ढकलण्यात जाते, साधारण १२० वॅट तरी, म्हणून दुसऱ्याच्या मागे राहिलं की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते आणि ग्रुप सोडला की लगेच जड जातं. पण हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे चढावर ताशी १० ने जाताना हवेला जेमतेम ४-५ वॅट लागतात, तिथे कोणाच्या मागे राहून वाचवणार तरी काय? बाकी जवळपास सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर, तर ताशी १० ला नुसत्या वजनासाठी १८५ वॅट लागतात आणि ताशी १२ ला २२० च्या वर. आता ३ किमीचा चढ घ्या. १० ने गेलात तर १८ मिनिटं, १२ ने गेलात तर १५. फरक फक्त ३ मिनिटांचा! एवढ्यासाठी पाय जाळायचे आणि पुढचे ५० किमी रडत काढायचे, कशाला? वर गेलेले लोक तोपर्यंत पाणी पितात, जॅकेट घालतात, फोटो काढतात, ३ मिनिटं कोणाला जड होत नाहीत.

म्हणून आदल्या दिवशीच लीडरला विचारून घ्या की प्रत्येक चढाच्या माथ्यावर थांबणार का, आणि मागे कोणी राहणार का. दोन्हीला हो असेल तर चिंता संपली. थांबत नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं, असं उत्तर आलं तर ती राईड वेगळ्या प्रकारची आहे, मग रूटची फाईल स्वतःच्या फोनमध्ये घेऊन ठेवा किंवा दुसरा ग्रुप बघा, त्यात कमीपणा काही नाही. आणि माझं मत म्हणाल तर शेवटचा माणूस पोचल्या पोचल्या निघणारा ग्रुप हा ग्रुपच नव्हे, कारण ज्याला सगळ्यात जास्त विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, लीडरला हे स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

गियर बघून घ्या, हे खूप लोक शेवटपर्यंत बघतच नाहीत. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे सगळ्यात मोठं २८ चं असेल तर मिनिटाला ६० पायडल मारताना वेग ताशी ९ च्या थोडा वर येतो, मागे ३४ असेल तर साडेसात. म्हणजे त्याच ८ टक्क्यांवर २८ च्या गियरला जवळपास १७० वॅट द्यावेच लागतात, ३४ च्याला १४० मध्ये भागतं, त्याहून हळू गेलात तर कॅडन्स, म्हणजे पायडल फिरवण्याचा वेग, पडतो, गुडघ्यावर जोर येतो आणि सायकल डुलायला लागते. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलणं शक्य असेल तर बदला, पण तुमचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती घेतो का ते मेकॅनिकला आधी विचारा आणि चेनची लांबीही तपासून घ्या. पुढची चकती चढ सुरू व्हायच्या आधी, पाय अजून हलके आहेत तेव्हाच खाली घ्या, ऐन चढात जोर देता देता बदलली की चेन उतरायची शक्यता असते आणि मागचा माणूस तुमच्यावर येतो.

मागच्या माणसावरून आठवलं, चढावर सीटवरून उठून उभं राहायचं असेल तर एक गियर जड करा आणि पायडल खाली जात असतानाच उठा. नुसतं उठलं की एका क्षणासाठी पायडलवरचा जोर तुटतो, सायकल मागे येते, फार नाही पण मागच्याचं पुढचं चाक टेकायला तेवढं पुरतं, आणि पडतो तो मागचा. तसंच पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने लावून ठेवू नका, चढावर सगळेच थोडे नागमोडी चालतात.

आता उतार. माझ्या दृष्टीने या ऋतूत खरी काळजी चढाची नाही, उताराची आहे. झाडीतला रस्ता, रात्रीचं दव, त्यावर गळलेली पानं. वरून पानं सुकलेली दिसतात पण तो फक्त वरचा थर असतो, खाली चिकटून बसलेली कुजकी पानं ओली असतात आणि त्याखाली खड्डा आहे की खडी ते कळत नाही. अशा ठिकाणी वळणाची आतली कडा सगळ्यात वाईट, कारण गाड्यांची चाकं जिथून जातात तो पट्टा साफ राहतो आणि पानं कडेला जमा होतात, तेव्हा त्या साफ पट्ट्यातून चला. पानांवरून जावंच लागलं तर सायकल सरळ ठेवा, ब्रेक नको, हँडल वळवणं नको, पायडल थांबवून जाऊ द्या. ब्रेक सगळा वळणाच्या आधी मारून घ्यायचा, वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर घासणारे, असतील तर ओल्यात ते पहिल्यांदा लागतच नाहीत, चाक एक-दोनदा फिरून पाणी पुसलं गेलं की मग पकडतात, तो वेळ धरून आधीच हात लावा. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरू नका, दाबा आणि सोडा, नाहीतर रिम किंवा डिस्क तापते. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तर ओल्यात पकड बरी राहते.

उतारावर ग्रुप म्हणून चिकटून जाणं हा तर चुकीचाच प्रकार. पुढचा कुठे ब्रेक मारेल सांगता येत नाही, चांगली ५-६ सायकलींची जागा सोडा, वेग जास्त असेल तर अजून सोडा. खड्डा, पानं, गाडी, जे दिसेल ते मागच्याला ओरडून सांगा, पण हात हँडलवरच ठेवा, सपाटीवरचे हातवारे उतारावर नकोत.

कपड्यांचं म्हणाल तर निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, तेवढेच घाला. उंचीबरोबर साधारण दर १००० मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यात चढून घामाने भिजलेले आणि उतारावर ताशी ४०-५० चा वारा, बोटं इतकी गारठतात की ब्रेकची पट्टी नीट दाबता येत नाही. म्हणून पातळ विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लव्ज खिशात, आणि ते माथ्यावर थांबल्या थांबल्या घालायचे, थंडी वाजायची वाट बघायची नाही. खाणंही तसंच, गारव्यात भूक आणि तहान दोन्ही कळत नाहीत, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे आणि ते चढ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, ऐन चढात धाप लागलेली असताना घास गिळत नाही.

लाईट दिवसाही चालू ठेवा, पुढचा आणि मागचा दोन्ही. या दिवसांत सूर्य खाली असतो, सकाळ-संध्याकाळ तो समोरून आला की गाडीवाल्याला सावलीतला सायकलवाला दिसत नाही, तुमची सावली तुमच्या पुढे लांब पडली असेल तर समजा की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आहे. शिवाय दिवस याच काळात सगळ्यात भराभर लहान होतो, ५० अक्षांशाच्या आसपास रोज साडेतीन-चार मिनिटं, म्हणजे महिन्यापूर्वीच्या राईडचा अंदाज धरून निघालात तर शेवटचा तासभर अंधारात जाऊ शकतो. १२०० मीटर चढ धरून ८० किमीला सरासरी ताशी १८ ते २० पकडा, त्यात थांबे मिळवा, आणि परतायची वेळ मावळतीच्या किमान तासभर आधीची येत नसेल तर लीडरला लवकर निघायला सांगा.

राहिली सरावाची गोष्ट. अजून दोन-तीन आठवडे असतील तर आठवड्यातून एकदा जवळचा कुठलाही १०-१५ मिनिटांचा चढ घ्या आणि तो पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगात चढा, मग खाली येऊन परत तसाच. दुसऱ्या वेळेला लागलेला वेळ पहिल्याइतकाच आला तर तोच तुमचा वेग, राईडला पहिल्या चढावर घड्याळ बघून तोच धरा, पुढे कोणी कितीही पळत असू दे. शेवटच्या आठवड्यात मात्र चढ नकोत, पाय ताजे राहू द्या, आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते एकदा चाक काढून बघा.