जी 4 पी 2 एल 1 ए 2

प्रश्न: डॉक्टर मॅडम नमस्कार. वय 44, बारामती. लग्न 22 व्या वर्षी झालं. पहिल्या दोन वेळा दिवस राहिले ते तिसरा महिना पूर्ण व्हायच्या आतच पडले, दोन्ही वेळा क्युरेटिंग करावं लागलं. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात बीपी खूप वाढलं, हातापायांवर सूज आली आणि बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मुलगी झाली, ती आता 14 वर्षांची आहे. तिच्या वेळी मला रोज पोटावर एक इंजेक्शन आणि एक बारकी गोळी असायची, कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की गर्भपात झालेल्या बायकांना हार्ट अटॅक येतो. तेव्हापासून झोप उडालीय. हल्ली दोन जिने चढले की धाप लागते, आधी लागत नव्हती. सासूबाई म्हणतात जुनं कशाला उकरतेस. हे खरं आहे का? आणि इतक्या वर्षांनी सांगायचं तरी कुणाला?

उत्तर: ताई, आधी धाप. बाकीचं सगळं नंतर वाचा, पण याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या. चाळिशीतल्या बाईला जिन्यावर धाप लागली म्हणजे हार्टच असेल असं अजिबात नाही, पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन 8 वर आलेलं असतं आणि बाई तशीच रेटून कामं करत असते, थायरॉइड असू शकतं, वाढलेलं वजन असू शकतं. पण "पित्त असेल" म्हणून घरी बसू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी एवढं करा, आणि ईसीजी चांगला आला तरी धाप राहिलीच तर इकोबद्दल (हार्टची सोनोग्राफी) विचारा, कारण निवांत पडून काढलेला ईसीजी पुष्कळदा नॉर्मल येतो. धापेबरोबर छातीवर दडपण, जबडा किंवा पाठ भरून येणं, मळमळ, दरदरून घाम असं काही झालं तर मिस्टर घरी यायची वाट बघू नका, सरळ 108 ला फोन करा.

आता नणंदेचा मेसेज. अर्धा खरा आहे, आणि घोळ आपल्या भाषेतही आहे थोडा. गर्भपात म्हटलं की त्यात आपोआप पडलेलंही आलं आणि हॉस्पिटलात जाऊन खाली केलेलंही आलं. हार्टशी संबंध दिसतो तो आपोआप गेलेल्या गर्भाचा, आणि पोटात गेलेल्या बाळाचा. स्वतः निर्णय घेऊन खाली केलेल्याचा तसा संबंध पक्का झालेला नाही, तेव्हा तो मेसेज पुढे पाठवून आणखी चार जणींची झोप घालवू नका म्हणावं.

खरा भाग किती? डेन्मार्कमध्ये 10 लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये एक अभ्यास आला. त्यात दर मिसकॅरेजमागे हार्ट अटॅकचं प्रमाण साधारण 9 टक्क्यांनी जास्त दिसलं. ऐकायला भीती वाटते, पण हे 9 टक्के मूळ आकड्याचे असतात. समजा एखाद्या वयात हजार बायकांत 10 जणींना त्रास होणार असेल तर तो आकडा 11 च्या जवळ जातो, एवढंच. बाळ पोटात गेलेल्या बायकांत मात्र हार्ट अटॅकचं प्रमाण अडीचपटीच्या वर होतं. 2022 मध्ये सात देशांतल्या 6 लाखांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा स्ट्रोकच्या बाबतीतही हेच चित्र आलं, तीन किंवा जास्त मिसकॅरेज झालेल्या आणि मृत बाळ जन्मलेल्या बायकांत धोका वाढलेला. त्या सात देशांत भारत नाही, पण आपल्या लोकांना हार्टचा त्रास तसाही लवकर गाठतो, त्यामुळे "ते गोऱ्यांचं असेल" म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या दोन वेळांची मला तेवढी काळजी नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांत निम्म्याच्या आसपास तरी गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, तिथे आईचं हार्ट, आईचं हिंडणंफिरणं, पपई खाल्ली का बस लागली का, कशाचाच संबंध नसतो. काळजी आहे ती तिसऱ्या वेळची. वार (प्लासेंटा) गर्भपिशवीत नीट रुजली की तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि बाळाकडे भरपूर रक्त जायला लागतं. काहींच्यात त्या रुंद होतच नाहीत, मग बाळाला कमी पडतं, आईचं बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, सूज येते. ज्या बाईच्या रक्तवाहिन्या तेव्हा अशा वागल्या त्या पुढे पन्नाशीतही कुरकुर करू शकतात. असं बीपी वाढलेल्या बायकांना पुढे कायमचं बीपी लागायची शक्यता तिपटीच्या वर आणि हार्टच्या आजाराची दुप्पट धरतात. बाळ गेल्यामुळे हार्ट बिघडलं असं नव्हे, दोन्हीच्या मुळाशी एकच कारण असू शकतं. हे मुद्दाम सांगते कारण बायका लगेच म्हणतात, मी तेव्हा जिने चढले, मी तेव्हा रडले, म्हणून झालं. नाही हो.

तुमच्या पत्रात मी थांबले ते पोटावरच्या इंजेक्शनपाशी. ते बहुतेक हेपरिन असणार, रक्त पातळ राहावं म्हणून देतात, आणि बारकी गोळी म्हणजे कमी डोसची अ‍ॅस्पिरिन. काही डॉक्टर आधीचं बाळ गेलं की खबरदारी म्हणून देतात, पण काही वेळा त्यामागे पक्कं निदान असतं, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीर अशी प्रथिनं तयार करतं की रक्ताच्या गुठळ्या लवकर होतात, वारेत झाल्या तर बाळ जातं आणि पुढे पायात, फुप्फुसात, मेंदूतही होऊ शकतात. बाळंतपण झालं, इंजेक्शन थांबलं, विषय संपला असं घरी वाटतं, पण हा त्रास असेल तर तो 58 व्या वर्षीही तुमच्याबरोबर असतो. रक्ताची तपासणी असते, पॉझिटिव्ह आली तर किमान 12 आठवड्यांनी परत करतात, दोन्ही वेळा आली तरच निदान धरतात. आणि प्लीज, हे वाचून मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन आणून स्वतःच सुरू करू नका.

म्हणजे उकरायचंच आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माळ्यावर किंवा कपाटातल्या साड्यांखाली त्या वेळची फाइल असेल, बहुतेक घरी असते, बायका लग्नाचा अल्बम आणि ती फाइल टाकत नाहीत. पहिल्याच पानावर डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी खरडलेलं असेल, जी, पी, एल, ए आणि पुढे आकडे. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती वेळा दिवस बऱ्यापैकी भरून बाळंतपण झालं, एल म्हणजे आज हयात मुलं किती, ए म्हणजे किती पडले. मुलगी झाल्यानंतरच्या कागदावर तुमचं जी 4 पी 2 एल 1 ए 2 असं असणार. पी 2 आणि एल 1, त्या एका आकड्याच्या फरकात तुमचं ते बाळ आहे. आम्ही फिजिशियन हे वाचतच नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं ओपीडीत विचारायचे, मुलं किती? एक म्हटलं की एक लिहून मोकळी व्हायचे.

फाइल मिळाली तर बीपीचा सगळ्यात मोठा आकडा, लघवीत प्रोटीन निघालं होतं का, कितव्या आठवड्यात, आणि इंजेक्शनचं नाव, एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहा आणि तो कागद फॅमिली डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगायला गेलात तर एकतर तुमचा आवाज भरून येईल नाहीतर ते घाईत असतील. फाइल नसली तरी आठवतं ते लिहा. मग बीपी, उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, हे एकदा करा आणि दरवर्षी करत जा. तिशीच्या पुढच्यांना बीपी-साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासून मिळते. कंबर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न. मशेरी लावत असाल (पत्रात कोणी लिहीत नाही म्हणून विचारते) तर ती आधी सोडा, तो तंबाखूच आहे.

प्रश्न: मी 29, पुणे. दोन महिन्यांपूर्वी आठव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं, पहिलंच होतं. नेटवर वाचून घाबरलेय, माझं हार्ट वीक आहे का? तिसऱ्या दिवशी ऑफिसला जावं लागलं, अजून थकवा आहे.

उत्तर: नाही गं, एका आठ आठवड्यांच्या मिसकॅरेजवरून असं काहीही म्हणता येत नाही, कळून आलेल्या दर सहा-सात प्रेग्नन्सींत साधारण एक अशी जातेच. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तेवढं बघून घे, बीपी एकदा मोजून ठेव, पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला हे सांग. झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, तो थकवाच असतो असं नाही. आणि तिसऱ्या दिवशी ऑफिस? मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यातच आहे, आधी ती 1961 च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात होती, नोव्हेंबर 2025 पासून सोशल सिक्युरिटी कोडमध्ये आहे, अट एवढीच की आधीच्या 12 महिन्यांत तिथे 80 दिवस काम झालेलं हवं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. ती रजा मिसकॅरेजच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे तुझे ते सहा आठवडे आता गेले. पण त्यामुळे आजारी पडली असशील तर त्याच कायद्यात आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळते, डॉक्टरांकडून तसं लिहून घे आणि एचआरला मेल टाक.