शंकासमाधान : रोमन नाण्यावरची देवी ओळखायची कशी?

प्रश्न : रोमन चांदीच्या नाण्याच्या मागील बाजूस हातात शिंग घेतलेली स्त्री उभी आहे. लेख बराच झिजला आहे. ही कोण?

उत्तर : शिंगावरून काहीच ठरवू नका. फळांनी भरलेले ते समृद्धीचे शिंग अनेक जणींच्या हाती असते. दुसरा हात पाहा. जमिनीला टेकलेले सुकाणू असेल तर ती फोर्तुना, नशिबाची देवी. दोन सापांचे वेटोळे असलेला आखूड दंड असेल तर फेलिसितास, सुखसमृद्धीची देवी. कणसे आणि पायाशी धान्याचे माप दिसले तर अन्नोना, म्हणजे रोमचा धान्यपुरवठाच देवीच्या रूपात.

तराजू दिसला तर मात्र थांबा. तराजू आणि शिंग ही जोडी एक्विटास (सचोटी) आणि मोनेता (टाकसाळ) या दोघींकडेही असते. तिथे लेखाशिवाय निवाडा होत नाही. लेख बहुधा खाली डावीकडे सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून पहिले अक्षर तिथे शोधा. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. शेवटी ‘ए-व्ही-जी’ आढळले तर ते ‘ऑगस्टसची’ याचे लघुरूप (ऑगस्टस ही सम्राटांची पदवी): हा गुण सम्राटाचा, हे प्रजेला सांगण्यासाठीच ही चित्रे होती.

प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा पाडा आणि नाणे सावकाश फिरवा. सपाट वाटणारी अक्षरेही सावलीने उठून दिसतात. चिंच-लिंबाने घासू नका. उत्तरकालीन नाण्यांच्या चांदीत तांबे भरपूर असते; आम्ल ते खाते आणि उरलेली अक्षरेही जातात.

प्रश्न : दक्षिण भारतात सापडणाऱ्या, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या नाण्यांवर ढाली-भाल्यांसह उभे असलेले दोघे कोण?

उत्तर : गायस आणि लुसियस. ऑगस्टसच्या मुलीची, ज्युलियाची ही मुले. त्याने त्यांना दत्तक घेतले होते. इ.स.पू. २ च्या सुमारास लुग्दुनुम (आजचे लियाँ) येथे हा छाप सुरू झाला. दोघांच्या मधली पळी आणि वाकड्या टोकाची काठी जरूर पाहा. पळी पुरोहित गायसची, काठी शकुन पाहणाऱ्या लुसियसची. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस इ.स. ४ मध्ये. या नाण्याच्या भारतीय नकलाही मिळतात. त्यांत अक्षरांच्या जागी बहुधा अर्थहीन रेघा दिसतात, म्हणून आधी लेख तपासा.

प्रश्न : सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट म्हणजे सूर्यदेव का?

उत्तर : मुकुट सूर्याचाच, पण नाण्यावर त्याचा उपयोग बहुधा दुप्पट मूल्य दाखवण्यासाठी होता. इ.स. २१५ मध्ये सम्राट काराकल्लाने काढलेल्या चांदीच्या नाण्यावर तो याच कारणाने आहे. सम्राज्ञी असेल तर मुकुटाऐवजी खांद्यांखाली चंद्रकोर असते.