तीन स्ट्राइक झाल्या तरी पोरगी पळाली कशी?

प्रश्न : आमच्या पोरीची सॉफ्टबॉलची मॅच होती, तालुक्याच्या ग्राउंडवर. समोरच्या टीमची पोट्टी तिसऱ्या स्ट्राइकला चुकली (बॉल चुकला की स्ट्राइक, तीन झाल्या की आउट ना!), आम्ही टाळ्या वाजवल्या अन् ते त पळत सुटली न् अंपायरनं सेफ देल्लं! असं काहून?
– एक पालक, दर्यापूर

उत्तर : भाऊ, अंपायर बरोबर होता. तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल कॅचरनं, म्हणजे बॅट धरणाऱ्या बॅटरच्या मागं बसणारीनं, जमिनीला लागायच्या आत नीट पकडला पाहिजे, हातातून सुटला तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते, मग तिला हातातल्या बॉलनं शिवा, म्हणजे टॅग करा, नाहीतर ती पोचायच्या आधी बॉल तिथं फेका, तेव्हाच आउट. पण हे कधी, तर पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट आधीच झाले असतील तर. नाहीतर कॅचर मुद्दाम बॉल पाडून एका झटक्यात पहिल्या बेसवरची अन् बॅटर, दोघींना आउट करेल ना! डोकं लावून केलेला नियम आहे राजेहो. गंमत म्हणजे पोरगी सेफ झाली तरी पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, नावावर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकचा आउट) लिहितातच. बेसबॉलमध्येही हेच, फक्त तिथं बेसचं अंतर 90 फूट, आपल्या पोरींचं 60, म्हणून कॅचरला सावरायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : मारलेला बॉल रेषेबाहेर, म्हणजे फाउल गेला तर स्ट्राइक धरतात का?

उत्तर : पहिल्या दोनदा हो, तिसरी धरत नाहीत, कितीही फाउल मारा. पण दोन स्ट्राइकवर बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच टेकवणं) फाउल गेला की आउट, तिथं कोणाशी भांडू नका.