भाडं उशिरा गेलं म्हणून मालक आठ दिवसांत घर खाली करायला सांगतोय. निघावं लागेल का?

आठ दिवसांत नाही. व्हॉट्सॲपवरच्या धमकीने ताबा जात नाही. पण आधी करार काढून बघा, सगळं त्यावर आहे.

तुम्ही कायद्याने भाडेकरू असाल (जुन्या वाड्यातले, चाळीतले, भाडेपावतीवाले), तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १५ भक्कम आहे. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत मालकाला त्या कारणावर दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं वर्षाला १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरा, पुढचं नियमित भरत राहा, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्या. मग थकबाकीपायी घर जात नाही.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायची परवानगी) असेल (हल्ली बहुतेकांचा तोच असतो), तर हे कवच विसरा. करारात थकबाकी आणि नोटिशीबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मालकाशी हप्त्यांचं बोला आणि ठरलेलं लेखी घ्या. मुदत संपल्यावर मात्र अडून बसू नका. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई बसते. तरीही कुलूप बदलणं, सामान रस्त्यावर काढणं मालकाला करता येत नाही. तसं झालं तर पोलिसांत लेखी तक्रार द्या.

आणि थकलेले पैसे रोख देऊ नका. यूपीआयने पाठवा, कोणत्या महिन्याचं भाडं तेही लिहा.