/२९ घेतलाय, पण आतला सर्व्हर बाहेरून दिसत नाही? आधी एआरपी बघा

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्यात घरी /२९ ब्लॉक, म्हणजे ओळीने आठ पब्लिक आयपी पत्ते, घेतलाय, लिनक्स गेटवेला (घर आणि इंटरनेट यांच्या मधल्या मशीनला) बाहेरून पिंग लागतो, पण आतल्या मशीनना दिलेल्या पब्लिक आयपींना लागत नाही. मी गुहागरला. तौक्ते वादळानंतरच्या जूनमध्ये माझं अगदी हेच झालं होतं.

आयपी फॉरवर्डिंग (गेटवेने एका बाजूची पॅकेटं दुसऱ्या बाजूला पुढे पाठवणं) वगैरे केलं असेलच, ते सोडतो.

माझं चुकलं ते फोनवर विश्वास ठेवला तिथे. इंटरनेट कंपनीच्या ऑफिसला विचारलं, ब्लॉक माझ्या गेटवेकडे राउट केलाय ना, म्हणजे त्या पत्त्यांची पॅकेटं थेट त्याच्याकडे पाठवताय ना? ‘हो सर, झालंय, तुमच्या साइडला चेक करा.’ मग तीन आठवडे मी आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम पुसतोय, लिहितोय. दर वेळी नवीन माणूस, नवीन तक्रार क्रमांक, आणि सल्ला एकच: राउटर बंद करून चालू करा!

एका रात्री लाइट गेलेली, सगळं इन्व्हर्टरवर, कौलांवर पाऊस. सहज गेटवेच्या बाहेरच्या नेटवर्क कार्डावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावला, फक्त एआरपी बघायला, म्हणजे ‘हा पत्ता कोणत्या मशीनकडे?’ ही वायरीवरची हाक. बाहेरून पिंग चालू ठेवला होता. दर सेकंदाला तीच ओळ: समजा २०३.०.११३.१२, हा कोणाकडे आहे? उत्तर कोणीच देत नव्हतं. म्हणजे ब्लॉक राउट केलेलाच नव्हता, नुसता वायरीवर सोडलेला. त्यांचा राउटर प्रत्येक पत्त्यासाठी हाक मारतो, आणि पत्ता आपला नाही म्हणून गेटवे गप्प. पॅकेट दारापर्यंत येतच नाही, तर फायरवॉल काय करणार?

गेटवेच्या दोन्ही कार्डांवर प्रॉक्सी एआरपी (आतल्या मशीनच्या वतीने गेटवेनेच हाकेला ओ देणं) चालू करा आणि आतल्या प्रत्येक पत्त्याचा /३२, म्हणजे त्या एकाच पत्त्यापुरता, राउट आतल्या कार्डाकडे द्या. राउट नसेल तर प्रॉक्सीही गप्पच बसते. खरं तर /३० ची (दोन टोकांना दोनच पत्ते लागतील अशी) वेगळी लिंक मागून ब्लॉक त्यावर राउट करून घेणं जास्त स्वच्छ, पण ते त्याच ऑफिसला समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मास्करेड (बाहेर जाताना गेटवेचा पत्ता चिकटवणं) फक्त १९२.१६८ वाल्यांना, म्हणजे घरातल्या खाजगी पत्त्यांना, लावा. सरसकट लावलंत तर आतले सर्व्हर बाहेर जाताना गेटवेच्याच पत्त्याने जातात, आणि मेल सर्व्हर असेल तर भोगाल. फॉरवर्ड चेन (गेटवेतून आरपार जाणाऱ्या पॅकेटांसाठीचे फायरवॉलचे नियम) मुळात बंद, हवे तेवढेच पोर्ट उघडे.

मी नेटवर्कवाला नाही, पडून शिकलोय, तेव्हा तपासून घ्या. आणि नुसते बागेतले कॅमेरे बघायचे असतील तर आठ पत्त्यांच्या ब्लॉकमधले जेमतेम चार आतल्या मशीनना मिळवण्यासाठी पैसे घालू नका, एका आयपीवर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) पुरतं.

टीसीपीडम्पच्या चार-पाच ओळी इथे टाका, पत्ते पुसून.