अपुऱ्या चालीचे नाटक

प्रश्न : जेनेट मॅक्डोनाल्ड आणि नेल्सन एडी यांचा ‘नॉटी मॅरिएटा’ (१९३५) हा चित्रपट नुकताच पाहिला. त्याच्या मूळ ऑपेरेटाचे संगीत रंगभूमीच्या इतिहासात स्थान काय? आपल्या संगीत नाटकाशी त्याचे काही साम्य आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : व्हिक्टर हर्बर्ट यांचे संगीत आणि रीडा जॉन्सन यंग यांची संहिता असलेला हा ऑपेरेटा (ऑपेराहून हलकेफुलके, बोलके संवादही असलेले गाननाट्य) ७ नोव्हेंबर १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आला. निर्माते ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी त्याच वर्षी मेट्रोपॉलिटन ऑपेरा या न्यूयॉर्कच्या ऑपेरासंस्थेशी करार करून, मोठ्या मोबदल्यात, दहा वर्षे ऑपेरा न करण्याचे मान्य केले होते. त्यामुळे ते ऑपेरेटाकडे वळले, आणि एमा ट्रेंटिनी व ऑर्व्हिल हॅरोल्ड हे ऑपेरातले कसलेले गायक या प्रयोगाला लाभले. ‘इटालियन स्ट्रीट साँग’मधील उंच पट्टीतल्या जलद ताना ऐकल्या, की हे गाणे तयार गळ्यासाठीच बांधले आहे हे लगेच कळते.

कथानक बेतासबात आहे. वेशांतरे आणि योगायोग यांची त्यात रेलचेल आहे. मात्र त्याची मुख्य गाठ विलक्षण आहे. फ्रान्समधून पळून अठराव्या शतकातील न्यू ऑर्लिन्सला आलेल्या मॅरिएटाला स्वप्नात एक चाल ऐकू आलेली असते, पण ती अपुरी असते, आणि जो ती पूर्ण करील तोच आपला, असे तिने मनाशी धरलेले असते. अखेरीस कॅप्टन वॉरिंग्टन ती पूर्ण करतो आणि ‘आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ’ हे गाणे सबंध उभे राहते. येथे चाल काढून घेतली तर नाटकच उरत नाही, आणि या कृतीचे मोठेपण मला यातच दिसते.

१८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगवणाऱ्या किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमान’ आणले ते १९११ मध्ये, म्हणजे जवळजवळ याच सुमारास. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनाही तयार गळाच लागतो, हे साम्य आहेच. परंतु आपल्याकडे पद रंगू लागले की कथानक थांबते, आणि रसिकाला ते थांबणे हवेच असते.

गाण्याने कथा पुढे न्यावी, हा विचार अमेरिकेत पुढे फार विकसित झाला, आणि त्यात याच हॅमरस्टाइन यांच्या नातवाचा, दुसऱ्या ऑस्कर हॅमरस्टाइनचा, ‘शो बोट’ (१९२७) आणि ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) या संगीत नाटकांमधून मोठा वाटा आहे.

आपण पाहिलेल्या चित्रपटात कथा बरीच बदलली असून मूळची काही गाणीही गळाली आहेत. म्हणून नाटकाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण अवश्य मिळवून ऐकावे.